मॅगझिन आणि शस्त्रपरवाना
‘मॅगझिन’ म्हणजे पिस्तुलाला वा रायफलीला एकामागून एक काडतुसे पुरवणारी पेटी; कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकांसाठी तिची मर्यादा १० काडतुसांची असून पोलिसांना तीतून सूट आहे, परंतु आपला शस्त्र अधिनियम, १९५९ पेटीपेक्षा परवान्यावर अधिक भिस्त ठेवतो. वाशीममध्ये जिल्हा दंडाधिकारी देतात त्या परवान्यावर शस्त्राच्या वर्णनासोबत काडतुसांची कमाल संख्याही नोंदलेली असते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. कर्तव्यावरील पोलिसाला मात्र लोकसेवक म्हणून कलम ४५ अन्वये ही परवान्याची अटच लागू होत नाही. चाप दाबून धरल्यास मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या झाडत राहणारे शस्त्र कायद्याच्या व्याख्येनुसार ‘प्रतिबंधित’ ठरते.