मावळतीचे काळे डोंगर

गेल्या नोव्हेंबरात लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिकला गेलो होतो. डरवेंटवॉटर तळ्याच्या वरच्या अंगाला ऍशनेस नावाचा इवलासा दगडी पूल आहे. तिथून उत्तरेला स्किडॉ डोंगर दिसतो. उंची ९३१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपुढे पोरच. पण पावणेचारच्या सुमारास ऊन तिरपं झालं आणि नेचे वाळून आधीच तांबूस झालेली त्याची दक्षिणेची उतरण निखाऱ्यासारखी पेटली. पाच-सात मिनिटांचा खेळ. घाईघाईने फोनवर फोटो काढला आणि आईला पाठवला. उत्तर आलं, "छान आहे. पण ढगाळ होतं का रे?"

फोटोत लाली जवळजवळ नव्हतीच!

याच केझिकमध्ये जॉर्ज आणि ऍशली अब्राहम या भावांचा वडिलोपार्जित फोटो स्टुडिओ होता. १८९० च्या दशकापासून हे दोघे अवजड कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा पाठीवर घेऊन कड्यांवर चढत. (आपण पॉवर बँक जड झाली म्हणून कुरकुरतो.) त्यांचे कडे आणि दोराला लटकलेले गडी बघून धडकी भरते. मी मात्र त्या काळच्या डोंगरांच्या फोटोंत संध्याकाळ शोधायला लागलो, आणि लक्षात आलं की फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात लाल संध्याकाळ कॅमेऱ्याला दिसतच नव्हती.

कारण साधं आहे. चांदीचे क्षार मुळात फक्त निळ्या-जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाला दाद देतात. जुन्या स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा असायचा तो त्याचमुळे: लाल उजेड प्लेटेच्या लेखी अंधारच. मग मावळतीला पेटलेला डोंगर तिच्यावर कसा उमटणार? काळा. उलट दिवसा निळं आकाश इतकं भडक उमटायचं की ढगबिग सगळे पुसले जायचे. त्यावर फोटोग्राफरांनी जुगाड काढलं. ढगांच्या वेगळ्या प्लेटा काढून ठेवायच्या आणि छापताना हव्या त्या डोंगरावर चिकटवायच्या. 'चांदण्या रात्रीचे' कित्येक फोटो तर भर दिवसा सूर्यासमोर काढून गडद छापलेले असत! तेव्हा 'पूर्वी फोटो खरे असायचे' असं कोणी म्हणालं की मी गप्प बसतो.

या आंधळेपणाचा सगळ्यात मोठा फटका १८८३ साली बसला. ऑगस्टमध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्याची धूळ आणि वायू जगभर पसरले आणि नोव्हेंबरपासून इंग्लंडात आग लागल्यासारखे सूर्यास्त दिसू लागले. नोंद ठेवायची कशी? कॅमेरा कुचकामी. शेवटी विल्यम ऍस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार लंडनला चेल्सीत थेम्सच्या काठी बसून पेस्टलने भराभर रंग टिपत राहिला. पाचशेच्या वर चित्रं! त्यातली काही रॉयल सोसायटीच्या १८८८ च्या अहवालात छापली गेली. म्हणजे विज्ञानाचा पुरावा म्हणून फोटो नाही, खडू.

उपाय तसा सापडायला लागला होता. १८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेलला दिसलं की प्लेटेत योग्य रंगद्रव्य मिसळलं की तिला हिरवाही दिसू लागतो. लाल मात्र हट्टी निघाला. लालसुद्धा चांगला दिसणारी प्लेट १९०६ मध्ये बाजारात आणली लंडनजवळच्या क्रॉयडनमधल्या 'रॅटन अँड वेनराइट' या छोट्या कंपनीने. त्यामागे होता केनेथ मीस, वय २४, त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवलेला. (आमच्या पीएच.डी.ने असं काही बाजारात आणलेलं नाही, असो.) आता लाल दिवाही बंद, सगळं काम मिट्ट काळोखात. १९१२ मध्ये कोडॅकच्या ईस्टमनने मीस हवा म्हणून अख्खी कंपनीच विकत घेतली आणि मीस अमेरिकेत गेला. रॅटनचं नाव फिल्टरांच्या क्रमांकांवर अजून आहे. २५ नंबरचा लाल फिल्टर लावला की कृष्णधवल फोटोतही निळं आकाश काळवंडतं आणि तांबडा डोंगर उजळतो. बरोब्बर उलटा न्याय!

आणि माझा फोन? त्याला लाल दिसतो, पण पटत नाही. पांढरी वस्तू पांढरीच दिसली पाहिजे या हिशेबाने तो उजेडाचा तांबूसपणा हा दोष समजून काढून टाकतो. व्हाइट बॅलन्स सूर्याच्या चिन्हावर पक्का केला की ही लुडबुड थांबते.

दुसऱ्या दिवशी तसं करून तीन वाजताच पुलावर जाऊन उभा राहिलो. धो धो पाऊस. आईला तोही फोटो पाठवला.