श्रवणाचे वेळापत्रक : ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि पॉडकास्ट

प्रसारणाच्या इतिहासात वक्त्याची आणि संस्थेची दखल पुष्कळ घेतली गेली. श्रोत्याची मात्र फारच थोडी. पॉडकास्ट या माध्यमाचा विचार करताना श्रोता केव्हा, कोठे आणि कोणासमवेत ऐकतो, हा प्रश्न आरंभीच घेणे इष्ट होय. प्रस्तुत टिपणात तो ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरापुरता घेतला आहे.

मुंबई केंद्रावरून २३ जुलै १९२७ रोजी नियमित नभोवाणी सुरू झाली. त्या काळापासून ऐकण्याची वेळ केंद्र ठरवी आणि श्रोता ती पाळी. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून माडगूळकर-फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत या क्रमाने प्रसारित झाले, तेव्हा ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे शेजारीही जमत. श्रवण हा तेव्हा कौटुंबिक, किंबहुना सामुदायिक व्यवहार होता. पुढे ट्रान्झिस्टरने रेडिओ हातात आला; वेळ मात्र केंद्राचीच राहिली.

पॉडकास्टने हे बंधन तोडले. २००० च्या अखेरीस आरएसएस या पद्धतीत ध्वनिफीत जोडण्याची सोय झाली. नवा भाग प्रसिद्ध होताच तो वर्गणीदाराच्या यंत्राकडे आपोआप येऊ लागला. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये प्रथम छापला गेला. भारतात २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, आणि हे श्रवण सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात आले.

तथापि या परिसरात श्रोता वेळेच्या बंधनातून सुटला असे म्हणता येत नाही. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ साली सुरू झाला व पुढील वर्षी कल्याणपर्यंत पोचला. कल्याण ते मुंबई हे अंतर सुमारे ५४ किलोमीटर; म्हणजे जाता-येता दोन तासांहून अधिक काळ गाडीत जातो. गर्दीच्या डब्यात वर्तमानपत्र उघडण्याइतकी जागा नसते. हात कडीला गुंतलेले असतात. मोकळा राहतो तो केवळ कान. केंद्राचे वेळापत्रक गेले, त्याच्या जागी गाडीचे आले.

याच डब्यांत टाळ घेऊन भजन म्हणणारी प्रवासी मंडळेही आढळतात. एका बाकावर सामुदायिक श्रवण, तर शेजारी इअरफोन लावलेला एकाकी श्रोता, असे दृश्य दिसते. दोघांनाही एकत्र आणणारे कारण एकच : लांबचा प्रवास. यास्तव पॉडकास्टमुळे मनुष्य एकटा पडला, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. घर आणि कचेरी यांमधील जो काळ कोणाचाच नव्हता, तो या माध्यमाने श्रोत्याच्या मालकीचा केला, हे अधिक यथार्थ होय.

संशोधकापुढील अडचण निराळी आहे. भजन ऐकणाऱ्यांना साक्षीदार असतात. इअरफोनमधून काय ऐकले याला श्रोत्यावाचून साक्षीदार नाही. निर्मात्याने ध्वनिफीत काढून घेतल्यास मूळ साधनही नष्ट होते. म्हणून श्रोत्यांच्या मौखिक नोंदी घेण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांनी आजच हाती घ्यावयास हवे. ठाणे वा डोंबिवलीच्या फलाटावर त्याचा आरंभ सहज करता येईल.