सोलर बिघडलं तर खर्च कोणाचा? वॉरंटी समजून घ्या

'२५ वर्षांची वॉरंटी आहे, काही टेन्शन नाही,' असं सोलर बसवताना हमखास ऐकायला मिळतं. पण म्हणजे २५ वर्षं दुरुस्ती फुकट, असं नाही. एकाच सिस्टिमवर वेगवेगळ्या वॉरंटी असतात आणि प्रत्येकीची मुदत वेगळी असते.

कोणती वॉरंटी कशाची?

- पॅनेल परफॉर्मन्स: साधारण २५ वर्षं. पॅनेलची क्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली तरच लागू.
- पॅनेल प्रॉडक्ट: बहुतेक १० ते १२ वर्षं. निर्मितीतल्या दोषासाठी.
- इन्व्हर्टर: साधारण ५ ते १० वर्षं.
- देखभाल: २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून सिस्टिम बसवली असेल, तर ५ वर्षं देखभालीची जबाबदारी व्हेंडरची.

खिशाला चाट कुठे बसते?

वॉरंटीत कंपनी नवीन पॅनेल किंवा इन्व्हर्टर देते. पण जुना भाग काढणं, ने-आण करणं आणि नवीन बसवणं याची मजुरी अनेकदा त्यात धरलेली नसते. पहिली ५ वर्षं हे काम देखभालीच्या करारात बसतं. सहाव्या वर्षी पॅनेलची वॉरंटी चालू असली तरी मजुरीचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

दुसरा खर्च दिसत नाही. ३ किलोवॉटची सिस्टिम चांगल्या उन्हात रोज साधारण १२ युनिट देते. ती १५ दिवस बंद राहिली की १८० युनिट गेले. युनिटला १० रुपये धरले तर १,८०० रुपये! हे नुकसान वॉरंटीत सहसा मिळत नाही. म्हणून 'दुरुस्ती किती दिवसांत' हे करारात लिहून घ्या.

वीज पडणं, गारपीट, माकडांनी केलेली तोडफोड हे वॉरंटीत येत नाही. त्यासाठी घराच्या विम्यात सोलरची नोंद करावी लागते. आणि बाहेरच्या माणसाकडून इन्व्हर्टर उघडून घेतलात, तर वॉरंटीच रद्द होऊ शकते.

फोन करण्याआधी हे तपासा

१. ॲपवर 'ऑफलाइन' दिसतंय? घरच्या वाय-फायचा पासवर्ड बदललाय का बघा. इन्व्हर्टर व्यवस्थित चालू असू शकतो.
२. स्क्रीनवर ग्रिड व्होल्टेजचा एरर आहे? मग दोष बहुधा लाइनचा. तक्रार वीज कंपनीकडे करा.
३. एरर कोडचा फोटो आणि ॲपमधल्या रोजच्या युनिटचे स्क्रीनशॉट ठेवा. नसलेल्या बिघाडासाठी व्हिजिट चार्ज भरावा लागणार नाही.

व्हेंडर फोनच उचलत नसेल तर?

पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी बनवणाऱ्या कंपनीची असते. सीरियल नंबर आणि बिल असेल तर थेट कंपनीकडे दावा करा, तोही लेखी ईमेलने. तरी दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर तिथे तक्रारीला फी लागत नाही. मुदत मात्र २ वर्षांची आहे.

पॅनेलचा सीरियल नंबर बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतो, एकदा बसवल्यावर तिथे हात पोहोचणं अवघड. त्यामुळे बसवतानाच प्रत्येक नंबरचा फोटो घ्या आणि बिल, वॉरंटी कार्ड, करार यांच्यासोबत ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये टाका.