लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतरचा आहारसल्ला

बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने काय, किती आणि कोणत्या क्रमाने खावे, याविषयी आहारतज्ज्ञाने दिलेले दीर्घकालीन मार्गदर्शन. वजन उतरावे, पण शरीर पोषणाला मुकू नये, हा त्याचा हेतू. या शस्त्रक्रियेच्या दोन प्रमुख प्रकारांपैकी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहान पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. पहिलीत मुख्यतः खाणे घटते, दुसरीत पोषकद्रव्यांचे शोषणही.

वांद्र्याच्या लीलावती रुग्णालयात सुमारे 300 किलो वजनाच्या एका महिलेवर 2015 व 2017 अशा दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाल्या. 2019 पर्यंत तिचे वजन 86 किलोवर आले. शस्त्रक्रिया काही तासांची असते. त्यानंतरची वर्षे मात्र रोजच्या ताटावर ठरतात.

टप्पे : पहिले एक-दोन दिवस पाणी व गाळलेले सूप, मग साधारण दोन आठवडे ताक, दूध यांसारखे पातळ पदार्थ. पुढे घोटलेले मुगाचे वरण, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे. सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण. घास लहान, चावणे सावकाश. जेवताना पाणी टाळावे. नंतरही अर्धा तास थांबावे.

ताटाचा क्रम : आपले जेवण वरणभाताने सुरू होते. येथे आधी प्रथिने, मग भाजी, जागा उरली तरच भाकरी किंवा भात. दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिने लागतात. डाळीच्या नुसत्या पाण्यातून ही गरज भागत नाही. चिंबईसारख्या कोळीवाड्यातील घरांत काटे काढलेला वाफवलेला मासा सहज जमतो. शाकाहाऱ्यांना दही, पनीर, सोयाबीन यांचा आधार. पाव आणि चिकट भात सुरुवातीला अडकल्यासारखे वाटतात. बायपासनंतर गोडाने घाम, धडधड, जुलाब असे डम्पिंगचे (अन्न झपाट्याने आतड्यात उतरल्याने होणारे) त्रास होऊ शकतात.

पूरके : लोह, कॅल्शियम, बी-12 व ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावी लागतात. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळीबरोबर चहा नको. सतत उलट्या होत असल्यास थायमिनच्या अभावाने मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून त्वरित डॉक्टरांकडे जावे.

पाठपुरावा : पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी करतात. गर्भधारणा 12 ते 18 महिने लांबवण्याचा सल्ला देतात. घरात रांधणाऱ्या व्यक्तीलाही सल्ल्याला बसवणे आवश्यक आहे. बदल तिच्याच हातून ताटात उतरतो.