‘कुठवर आलात?’ : एका प्रश्नाची कुळकथा

कादंबऱ्या वाचणारी दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला : ‘सध्या काय चाललंय वाचायला?’ पुस्तकाचं नाव कळलं आणि ते विचारणाऱ्यानं आधी वाचलेलं असलं, की दुसरा प्रश्न लगोलग येतो : ‘कुठवर आलात?’ आणि त्याच्या पाठोपाठ वाचणाऱ्याची विनवणी : ‘पुढचं सांगू नका हं!’ हा सगळा रिवाज इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आला, असं सर्रास मानलं जातं. मला ते पटत नाही. या तीन वाक्यांचं वय सारखं नाही आणि त्यांचं माहेरही एक नाही. पहिलं वाचनालयात जन्मलं, तिसरं साप्ताहिकात. मधलं मात्र पोथीच्या चौरंगावरून उतरलेलं आहे, आणि तिघांत तेच सगळ्यांत थोरलं आहे.

हा दुवा मला गुरुचरित्राच्या सप्ताहात सापडला. सात दिवसांत ग्रंथ संपवायचा तर रोज किती वाचायचं याचा क्रम बांधून दिलेला असतो. क्रमाचे एकाहून अधिक प्रकार आहेत, पण फार चालतो तो असा : पहिल्या दिवशी 9 अध्याय, दुसऱ्या दिवशी 21पर्यंत, मग 29, 35, 38, 43, आणि सातव्या दिवशी समाप्ती. दत्तजयंतीच्या आधी हा सप्ताह घरोघर एकाच दिवशी बसतो. म्हणजे चौथ्या दिवशी संध्याकाळी नरसोबाच्या वाडीतला वाचक आणि गिरगावातल्या चाळीतला वाचक एकाच जागी पोचलेले असतात. दोघांची कधी गाठ पडलेली नसते, तरी एक दुसऱ्याला सांगू शकतो की तू आज पस्तिसाव्या अध्यायापाशी आहेस. छापील साप्ताहिक येण्याच्या कितीतरी आधी हजारो माणसांनी एकच पुस्तक एकाच गतीनं वाचायची ही सोय आपल्याकडे होती. मला यात कादंबरी-वाचकांच्या गप्पांचा पाया दिसतो.

चातुर्मासातलं पुराण हा याच प्रथेचा मोठा भाऊ. देवळात किंवा वाड्याच्या ओटीवर पुराणिक बसत. संस्कृत पुराण नसलं तर श्रीधराचा ‘हरिविजय’, ‘रामविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’ असे. हे तिन्ही ग्रंथ 1702 ते 1712 या दहा वर्षांतले. पुढं दीड-दोनशे वर्षं मराठी घरांत त्यांच्याइतकं ऐकलं गेलेलं दुसरं वाङ्मय शोधून काढावं लागेल. चार महिने चालणाऱ्या वाचनाला रोज हजर राहणं कुणाला जमतं? कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची अडचण, कुणाची पेरणी. दोन दिवस चुकलेली बाई तिसऱ्या दिवशी शेजारणीला विचारणारच : ‘पोथी कुठवर आली गं?’ आणि शेजारीण विहिरीवर उभ्या उभ्या मधला भाग सांगणारच. वाचलेलं दुसऱ्याला सांगणं, त्यावर हळहळणं, द्रौपदीची बाजू घेऊन भांडणं, हे सगळं तिथं होतं. वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक, एवढाच काय तो फरक.

एक गोष्ट मात्र तिथं नव्हती. ‘पुढचं सांगू नका’ असं कुणी म्हणत नसे. अभिमन्यू चक्रव्यूहातून परत येणार नाही, हे पोथी सोडण्याआधीच ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ‘कुठवर आली?’ या प्रश्नात पुढच्या घटनेची उत्सुकता नव्हतीच. आपण मागं पडलो, आता सगळ्यांबरोबर पुन्हा चालायला लागायचं, ही ओढ होती. म्हणून मी म्हणतो की हा प्रश्न कादंबरीच्या पोटचा असूच शकत नाही. त्याचा स्वभाव कथेच्या शेवटाशी बांधलेला नाही, सोबतीशी बांधलेला आहे.

आता पोथी थांबवायच्या नियमाकडे पाहा. अध्याय अर्धा सोडायचा नाही. दुःखाच्या, मरणाच्या प्रसंगावर त्या दिवसाचं वाचन बंद करायचं नाही. थोडं पुढं जाऊन शुभ ठिकाणी थांबायचं, म्हणजे ऐकणारा स्वस्थ मनानं घरी जातो. आणि साप्ताहिकातली कादंबरी काय करते? नेमकं संकटावर आणून सोडते आणि खाली ‘पुढे चालू’ असं छापते. म्हणजे पोथीचा नियम तिनं जसाच्या तसा उलटा केला. मला हा फरक मराठी कादंबरीच्या इतिहासातला फार मोठा फरक वाटतो, आणि समीक्षकांनी त्याकडे पुरेसं पाहिलेलं नाही. शुभ जागी थांबणारी पोथी ऐकणाऱ्याला झोप देते. संकटावर थांबणारी कादंबरी त्याला आठवडाभर शेजाऱ्याशी बोलायला लावते. तिसरं वाक्य जन्माला आलं ते इथं.

मधले टप्पे सगळ्यांना माहीत आहेत. 1857 साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, 1861 साली हळब्यांची ‘मुक्तामाला’, 1871 साली ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून गुंजीकरांचं ‘मोचनगड’. या वाङ्मयप्रकाराला आपण बाणभट्टाच्या ज्या ग्रंथाचं नाव दिलं, तो ग्रंथ बाणाच्या हातून अपुरा राहिला होता आणि त्याच्या मुलानं पुरा केला, एवढं जाता जाता नोंदवतो. अर्ध्यात थांबलेली गोष्ट हे या प्रकाराच्या कुंडलीतच आहे.

खरी गाठ पडते ती हरि नारायण आपट्यांपाशी. 1885 साली ‘पुणे वैभव’ या पत्रातून त्यांची ‘मधली स्थिती’ क्रमशः आली. 1890 साली त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि त्यातून 1893पर्यंत ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही यमूची आत्मकथा चालली. हे प्रत्येक वाङ्मयेतिहासात सापडतं. हरिभाऊ राहत कुठं आणि काम काय करत, याचा उल्लेख मात्र ओझरता होतो. ते पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापक होते. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी 1888 साली ही संस्था स्थापली, ती संस्कृत हस्तलिखित पोथ्या जमवण्यासाठी आणि त्या शोधून छापण्यासाठी. म्हणजे मराठी कादंबरीला आठवड्याच्या तालावर चालवणारा माणूस दिवसभर पोथ्यांच्या सहवासात होता. एका बाजूला लाल फडक्यात बांधलेले ग्रंथ, दुसऱ्या बाजूला शनिवारचा मजकूर. त्याला पोथीची लय आणि श्रोत्यांची सवय ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल?

यावर पहिला आक्षेप असा येतो की क्रमशः कादंबरी हा उघड उघड विलायती नमुना आहे. आक्षेप खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. डिकन्सचं ‘पिकविक’ 1836पासून मासिक भागांत निघालं. रेनॉल्ड्सच्या लंडनच्या रहस्यकथा 1844पासून पेनीला एक भाग अशा आठवड्याला विकल्या गेल्या आणि ‘मधली स्थिती’च्या मागं रेनॉल्ड्सच उभा आहे. पण नमुना आला म्हणजे सवय आली असं होत नाही. इंग्रजी भाग विकत घेणाऱ्या पुण्याच्या पदवीधराला लंडनच्या वाचकाची सोबत कुठून मिळणार? ‘करमणूक’ ज्या घरात येई तिथं एक वाचणारा आणि भोवती ऐकणारे अशी जी बैठक बसे, ती तयार बैठक होती. चातुर्मासानं ती शेकडो वर्षं बसवून ठेवली होती. साचा लंडनचा, बैठक ओटीवरची.

दुसरा आक्षेप वृत्तपत्रांचा. गावोगाव ‘केसरी’ मोठ्यानं वाचला जाई आणि लोक पारावर त्याची चर्चा करत, तिथूनच ही गप्पांची रीत आली, असं काहीजण म्हणतात. मला हे सपशेल चुकीचं वाटतं. ‘केसरी’ निघाला 1881 साली, म्हणजे पोथीपुढं तो कालचा. शिवाय बातमी वाचून झाली की संपते. तिच्याबाबत ‘कुठवर आलात?’ असं कुणी विचारत नाही. आणि पारावर बायका नव्हत्या.

बायकांचा मुद्दा इथं निर्णायक आहे. कादंबरीवरच्या गप्पा मराठीत कुणी रुजवल्या, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे : पुराणाला नेमानं जाणाऱ्या आणि नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायकांनी. पुरुषांना वाचनालयं होती, सभा होत्या, कॉलेजं होती. बायकांना गोष्टीवर चारचौघींत बोलायची एकच मान्य जागा होती, ती पोथीची. कादंबरी हातात आली तेव्हा त्यांनी तीच जागा वापरली. रमाबाई रानड्यांच्या 1910च्या आठवणींत घरातल्या थोरल्या बायकांचा शिकण्याला होणारा विरोध आहे आणि नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवणंही आहे. यमूलाही तिचा नवराच वाचायला शिकवतो.

आणि काशीबाई कानिटकर तर या कुळकथेतल्या आद्य वाचक ठराव्यात. 1861चा जन्म, लग्नानंतर पती गोविंदरावांच्या आग्रहानं त्या लिहावाचायला शिकल्या, पुढं स्वतः कादंबरीकार झाल्या. हरिभाऊंचा आणि कानिटकर दांपत्याचा स्नेह होता. पुस्तकांवर बोलणं, पत्रं लिहिणं हे त्या स्नेहाचं रोजचं काम होतं. ‘पण लक्षांत कोण घेतो!’मध्ये बाईच्या मनाचं जे बारीक ज्ञान दिसतं, त्यात या मैत्रीचा वाटा मोठा आहे, असं मी मानतो. एक पुरुष आणि एक परकी स्त्री एकोणिसाव्या शतकात पुस्तकांविषयी बरोबरीनं बोलतात, ही घटना एखाद्या संस्थेच्या स्थापनेइतकी महत्त्वाची आहे. आपण संस्थांचे शताब्दी सोहळे करतो आणि या मैत्रीला तळटीप देतो, हे मला खुपतं.

वाचनालयांचं श्रेय मी बुडवत नाही. रत्नागिरीचं 1828चं, नाशिकचं 1840चं, पुण्याचं 1848चं, मग ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली आणि मुंबईचं 1898 साली. पोथी आणि साप्ताहिक यांत सगळे एकाच पुस्तकात असत, त्यामुळे ‘काय वाचताय?’ हे विचारण्याचं कारणच नव्हतं. वाचनालयानं प्रत्येकाच्या हातात वेगळं पुस्तक दिलं आणि तेव्हा कुठं पहिला प्रश्न लागला. म्हणजे आपण आज जो पहिल्यांदा विचारतो तो प्रश्न वंशात मागाहून आलेला आहे.

वाचनालयात आणखी एक गोष्ट झाली आणि तिच्यावर माझा सगळ्यांत जास्त जीव आहे. जुन्या वाचनालयातली कादंबरी उघडा आणि शेवटचं पान पाहा. पेन्सिलीनं लिहिलेले शेरे असतात : ‘छान’, ‘रडवलं’, ‘वेळ फुकट’, ‘शेवट पटला नाही’. त्याखाली दुसऱ्या अक्षरात : ‘तुम्हाला कळली नाही’. ग्रंथपाल याला विद्रूपीकरण म्हणतात आणि दंडही करतात. मला त्यात हस्तलिखिताच्या शेवटी येणारी पुष्पिका दिसते. नकल करणारा लेखक ग्रंथ संपला की आपलं नाव, शक, गाव लिही आणि वाचणाऱ्याशी दोन शब्द बोले : पाठ आणि मान मोडून हे लिहिलं आहे, याला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. ग्रंथाच्या शेवटी अनोळखी वाचकासाठी काहीतरी मागं ठेवायचं, ही एकच सवय दोन्हीकडे आहे. योगायोग म्हणून कुणी हे सोडून देईल. मी देणार नाही. पोथी हाताळलेल्या समाजाला शेवटचं पान कोरं सोडवत नाही.

पुढचं थोडक्यात. 1909 साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला आणि वाचकांना पुन्हा एकदा एकाच वेळी एकच मजकूर मिळाला. 1974 साली ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळ सुरू झाली. 2009पासून नाशिकच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत शंभर पुस्तकांच्या पेट्या गटागटांतून फिरू लागल्या आणि परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. 2017 साली भिलार पुस्तकांचं गाव झालं. अलीकडे ठिकठिकाणी बायकांच्या पुस्तक-भिशी चालतात. महिन्याला एकीच्या घरी जमायचं, पैशाऐवजी पुस्तक फिरवायचं आणि आपण काय वाचलं ते सांगायचं. नाव भिशीचं असलं तरी बसण्याची रीत पुराणाचीच आहे.

एक विनंती करतो. जुनी वाचनालयं फाटलेल्या कादंबऱ्या रद्दीत काढतात. तुम्ही अशा एखाद्या वाचनालयाचे सभासद असाल, तर पुस्तकं जाण्याआधी त्यांची शेवटची पानं उघडून बघा आणि शेरे असतील त्या पानांचं छायाचित्र घेऊन ठेवा. पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल आणि वाचनालयाचं गाव बरोबर लिहा. मराठी वाचक एकमेकांशी काय बोलत आले, याचा लेखी पुरावा त्या पानांवर आहे.