परीक्षकाचे आसन

गेल्या हिवाळ्यात आमच्या मेडशीतील एका महाविद्यालयीन मुलाने, सोयाबीन विकण्यासाठी मालेगावच्या बाजारात गेलेल्या बापलेकांवर एक लघुपट मोबाईलवर तयार केला, तो विद्यार्थ्यांच्या एका चित्रपट-महोत्सवाकडे प्रवेशशुल्क भरून रवाना केला, आणि दोन महिने वाट पाहिल्यावर त्याच्या हाती जे उत्तर आले, त्यात निवड न झाल्याची वार्ता आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा याखेरीज एक अक्षरही नव्हते. संध्याकाळी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. पारितोषिक न मिळाल्याची खंत त्याने बोलून दाखवली नाही. त्याने विचारले ते एवढेच, की ‘काका, मी कुठं कमी पडलो, हे मला कोण सांगेल?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, पण प्रश्न मनातून हलेना, आणि त्याचा माग घेत घेत मी जेथवर जाऊन पोहोचलो तो मार्ग पुष्कळसा आमच्याच मुलखातून गेलेला आहे.

अकोल्याहून निघालेला रस्ता पातूरचा घाट चढून वर आला म्हणजे मेडशी लागते, आणि तोच रस्ता पुढे मालेगाववरून वाशीमला जातो. वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 रोजी; त्यापूर्वीचा इंग्रजी अमदानीतला बाशीम जिल्हा 1905 साली मोडून शेजारच्या जिल्ह्यांत विलीन झालेला होता. परंतु या नगराची खरी सनद त्याहून फार जुनी आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच. आणि दहाव्या शतकाच्या सुमारास कनोजच्या प्रतीहारांच्या आश्रयास असलेला राजशेखर, ज्याच्या घराण्यातील अकालजलद हा महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून ओळखला जाई, त्याने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तोही विदर्भातील याच वत्सगुल्म नगरात. काव्य आणि त्याचा विचार यांचे लग्न जेथे लागल्याची कथा आहे, त्या नगराच्या वाटेवर राहणाऱ्या एका मुलाला त्याच्या कृतीविषयी विचाराचा एक शब्दही मिळू नये, ही गोष्ट मला फार लागली.

या राजशेखराने परीक्षकांचे जे वर्गीकरण केले आहे ते हजार वर्षांनीही शिळे झालेले नाही. रसिक समीक्षकाला तो भावक म्हणतो आणि भावकांचे चार प्रकार सांगतो: ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, जो गवतासकट सारे गिळतो तो सतृणाभ्यवहारी, दुसऱ्याचा गुण दिसत असूनही तो ज्याच्या तोंडून बाहेर पडत नाही तो मत्सरी, आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी, जो शब्दांच्या गुंफणीचा विवेक करतो, चांगल्या उक्तीने आनंदतो, तात्पर्याचा ठाव घेतो, आणि जो हजारांत एखादाच सापडतो. ज्या कवीला असा भावक लाभत नाही त्याचे श्रम मनातल्या मनात झिजून जातात, असे सांगून तो भावकाला कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य अशी पाचही नाती एकाच वेळी बहाल करतो. याच ग्रंथात राजाने काव्यपरीक्षेसाठी सभा कशी भरवावी याचे विधान आहे, आणि उज्जयिनीत कवींची व पाटलिपुत्रात शास्त्रकारांची परीक्षा होत असे अशी परंपराही त्याने नोंदवलेली आहे. उत्तीर्ण झालेल्यास ब्रह्मरथातून मिरवावे आणि त्याच्या मस्तकी पट्ट बांधावा, असा तो सन्मान होता.

दृश्यकलेच्या परीक्षणाचे विधान मात्र याहूनही प्राचीन, आणि आश्चर्य वाटावे इतके तपशीलवार आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आला आहे. प्रयोगाला यश आले की नाही हे ठरवणाऱ्यांना तेथे प्राश्निक असे नाव आहे, आणि ते कोण असावेत? यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंदाचा जाणकार, व्याकरणवेत्ता, राजा, धनुर्विद्येत निष्णात असलेला, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाने आपापल्या अधिकारातील अंगाचा निर्णय द्यावयाचा: शस्त्र धरण्याची ठेवण धनुर्धराने पाहावी, वेषभूषा व रंगसंगती चित्रकाराने, स्वर आणि ताल गायकाने, शृंगारातले उपचार गणिकेने आणि राजापुढे वागण्याची रीत राजसेवकाने. विद्वानांच्या पंक्तीला गणिकेस बसवणारी ही व्यवस्था पाहिली म्हणजे ज्ञानाची प्रतिष्ठा जन्मावर किंवा पदावर न तोलता अनुभवावर तोलणारे मन या अध्यायामागे होते, असे मला वाटते. या प्राश्निकांनी रंगापासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही अशा ठिकाणी आसनस्थ व्हावे, त्यांच्याबरोबर लेखक व गणक असावेत, आणि प्रयोगातील सिद्धी किती व घात किती यांची नोंद व्हावी, अशी आज्ञा आहे. वारा, पाऊस, अग्नी यांच्यामुळे झालेला दैवी घात नटाच्या पदरी टाकू नये. शत्रुपक्षाच्या आरडाओरडीने झालेला घातही निराळा मोजावा. नटाच्या स्वतःच्या चुकीने झालेला घात तेवढा त्याचा. सरस ठरलेल्याला पताका द्यावी, आणि दोघे समसमान उतरले तर राजाने निर्णय करावा अथवा दोघांनाही पताका द्यावी. या सगळ्या काटेकोर हिशेबानंतर भरत जे सांगतो ते मला सर्वांत मोलाचे वाटते: जगात सर्वथा निर्दोष असे काही नाही आणि सर्वथा निर्गुण असेही काही नाही, म्हणून नाट्यप्रयोगात दोषांचा अतिरेकी आग्रह धरू नये.

नाट्यशास्त्रातील लेखक आणि गणक यांची बैठक पुढे राजसभांतून केव्हा उठली असेल ती असो; निर्णयासोबत त्याची कारणे लिहून ठेवण्याची रीत आपल्या मुलखातून नाहीशी झाली नव्हती, हे जुन्या दप्तरांवरून कळते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई तेव्हा वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत. त्या काळी त्याचा अर्थ चाकरी सोडणे असा नव्हता, तर सभा जो निवाडा करील तो मान्य करण्यास आम्ही राजी आहोत, असा होता. मग उभयतांच्या तकरीरा, म्हणजे लेखी कैफियती, साक्षी आणि पुरावा यांसह महजर, म्हणजे सभेचे निवाडापत्र, तयार होई, आणि त्याखाली देशमुख-देशपांड्यांचे शिक्के, पाटलाची नांगराची निशाणी, कुळकर्ण्याची लेखणी, सुतार-लोहार-न्हाव्यांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या पडत. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई, म्हणजे आपण हरलो हे तो स्वतःच्या कागदाने कबूल करी; आणि आपले म्हणणे सभेने ऐकले, तोलले, मग नाकारले, हे त्या महजरात शब्दशः नमूद असल्यामुळेच त्याला ते कबूल करणे शक्य होत असले पाहिजे. कलगी-तुऱ्याच्या शाहिरांतही हीच वृत्ती दिसते: सवालाला जवाब न सुचलेला फड आपले निशाण उतरवतो तेव्हा तो कोणत्या सवालावर अडला हे साऱ्या जमावाने ऐकलेले असते.

चित्रपटाची कला परदेशातून आली आणि तिच्या पारितोषिकांची प्रथाही तिच्याबरोबरच आली. 1932 मध्ये व्हेनिस येथे महोत्सव सुरू झाला. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची 1937 साली तेथे झालेली वाखाणणी मराठी माणूस आजही अभिमानाने सांगतो. पण पुढच्याच वर्षी तेथील मुख्य पारितोषिक, ज्याला मुसोलिनीचेच नाव होते, हुकूमशाही राजवटींना प्रिय असलेल्या चित्रपटांना मिळाले, परीक्षणावरचा विश्वास उडाला, आणि त्या असंतोषातून फ्रान्समध्ये कानच्या महोत्सवाची कल्पना निघाली. महायुद्धामुळे तो खऱ्या अर्थाने भरला 1946 मध्ये, आणि त्यात चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ सर्वोच्च सन्मानाच्या मानकऱ्यांत होता.

आपल्याकडे शासकीय सन्मानाचा प्रारंभ 1954 साली झाला. 1953 सालच्या चित्रपटांतून राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकासाठी आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ची निवड झाली, हे बहुतेकांस ठाऊक असते; पण अनुबोधपटाचे पहिले सुवर्णपदक ‘महाबलिपुरम्’ला मिळाले, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्याचे दिग्दर्शक जगत मुरारी हेच पुढे पुण्याच्या चित्रपट-शिक्षणसंस्थेचे प्राचार्य झाले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने 1951 मध्ये अशा संस्थेची शिफारस केली होती, आणि 1960 साली ती प्रभातच्याच बंद पडलेल्या चित्रनगरीत उभी राहिली. ज्या आवारात ‘संत तुकाराम’ घडला त्याच आवारात, पहिल्या सुवर्णपदकाच्या मानकऱ्याच्या हाताखाली, विद्यार्थ्यांच्या पहिल्या पिढ्या शिकल्या. तेथे विद्यार्थ्याने पदविकेसाठी एक चित्रपट करावयाचा, तो गुरुजनांपुढे आणि सहाध्यायांपुढे दाखवावयाचा, आणि त्यावर होणारी चर्चा ऐकावयाची असते. विद्यार्थ्याला त्याच्या कृतीवरील मताची कारणे तोंडावर सांगण्याची ही जागा मला कोणत्याही पदकाहून अधिक मोलाची वाटते.

या संस्थेतून बाहेर पडलेल्या पदविका-चित्रपटांनी नंतर मोठी मजल मारली. घरी आणलेल्या गिरणीच्या अखंड घरघरीत सापडलेल्या मुलाची गोष्ट सांगणाऱ्या उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कानच्या महोत्सवाने 1998 पासून विद्यार्थ्यांच्या चित्रपटांसाठी जो स्वतंत्र विभाग काढला, त्यात 2020 मध्ये अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ने आणि 2024 मध्ये चिदानंद नाईक यांच्या लोककथेवर आधारलेल्या कन्नड लघुपटाने पहिले पारितोषिक पुण्यास आणले. तथापि माझे मन अधिक रमते ते नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’पाशी. तो कोणत्याही नामांकित चित्रनगरीत झाला नाही. अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो झाला, शाळेची ओढ असलेल्या एका वंचित मुलाची कथा त्यात आली, आणि 2010 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत, कथापटेतर विभागात, दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटाचा सन्मान त्याला लाभला. या पुरस्कारांची पुस्तिका निघते आणि तीत प्रत्येक सन्मानाचे कारण एकदोन वाक्यांत छापलेले असते. महजराचा तेवढा अवशेष अजून शिल्लक आहे. न निवडलेल्या कृतींना मात्र तेवढीही ओळ मिळत नाही. महोत्सवांचे मोठे परीक्षकमंडळ अखेरच्या मोजक्या चित्रपटांपुरतेच बसते. बाकीचे सारे पहिल्या चाळणीत, बहुधा नावही ज्ञात नसलेल्या निवडकर्त्यांच्या हातून गळतात, आणि नवशिक्याला बोलाची गरज असते ती नेमकी तेथेच.

महाविद्यालयीन एकांकिकांच्या क्षेत्रात, महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने 1963 पासून चालवलेल्या पुरुषोत्तम करंडकाने या बाबतीत पुष्कळ पुण्याई जोडलेली आहे. 2022 साली तेथील परीक्षकांनी, करंडकाच्या योग्यतेची एकांकिका आढळली नाही असे म्हणून तो कोणालाच दिला नाही, तेव्हा मोठा वाद झाला. मी त्या परीक्षकांच्या बाजूचा आहे. रिक्त ठेवलेले स्थानदेखील विद्यार्थ्याला काही सांगते. परंतु असा अधिकार वापरणाऱ्याने आपली कारणे विस्ताराने आणि प्रेमाने सांगणे हे त्याच्यावरचे कर्जच आहे, कारण समोर उभी असलेली मुले विशीतली असतात आणि त्यांनी पावसाळ्यातल्या रात्री तालमीत घालवलेल्या असतात.

हे सारे मनात घोळत असताना एका रविवारी त्या मुलाचा लघुपट आम्ही शाळेच्या खोलीत, खिडक्यांना चादरी लावून, भिंतीवर पाहिला. मी जाणूनबुजून निरनिराळी माणसे बोलावली होती: मराठी शिकवणारे एक गुरुजी, लग्नकार्यात मंडप आणि कर्णे लावणारा एक गृहस्थ, शिवणकाम करणाऱ्या एक काकू, आणि बाजार समितीत पुष्कळ वर्षे काढलेला एक मापारी. प्रत्येकास एक कागद दिला. गुरुजींनी लिहिले की लेकाचे बोलणे पुस्तकी आहे, बापाचे खरे आहे. मंडपवाल्याने लिहिले की ट्रॅक्टरच्या आवाजाखाली बापाचे मुख्य वाक्य बुडाले, तेवढे वाक्य घरात बसून पुन्हा म्हणून घ्यावे. काकूंना बापाच्या सदऱ्याचे ठिगळ नवे कोरे दिसले. मापारी मात्र कागद हातात धरून बराच वेळ गप्प होता. मग तो मुलाकडे वळून म्हणाला, ‘पोरा, पोतं काट्यावर असलं म्हणजे कास्तकार आभायाकडे पाह्यत नाही. त्याची नजर काट्यावरून हालतच नाही. तुहा बाप आभायाकडे पाह्यते.’ मुलाने चित्र मागे नेले, ते दृश्य पुन्हा पाहिले, तिसऱ्यांदा पाहिले. भिंतीवर बाप आभाळाकडेच पाहत होता.

चारही कागदांवर सह्या झाल्या आणि मुलाने ते घडी करून वहीत ठेवले. जाताना दारात थांबून मापाऱ्याने त्याला सांगितले, की उद्या आवक मोठी आहे, सकाळी लवकर ये, मी काट्यापाशीच असतो.