बुद्धिबळ : देशी व आंतरराष्ट्रीय नियम

बुद्धिबळ हा खेळ भारतातील चतुरंगापासून विकसित झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस यूरोपात वजीर व उंट यांना आजच्या दूर पल्ल्याच्या चाली मिळाल्या. प्याद्यासही पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा तेथे रूढ झाली. या मुभेमुळे प्याद्याने शत्रूच्या प्याद्याचा मारा चुकवू नये, म्हणून ते एकच घर सरकले असे मानून त्याला लगेचच्या चालीत मारता येते. यास ‘एन पासाँ’ म्हणतात.

देशी पद्धतीत स्थानपरत्वे भेद असले, तरी प्यादे सामान्यतः एकच घर पुढे जाई. साहजिकच एन पासाँचा प्रश्न उद्‌भवत नसे. किल्लेकोटाऐवजी, शह न बसलेल्या राजास डावात एकदा घोड्याची चाल खेळता येई. शेवटच्या पट्टीत पोहोचलेले प्यादे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वजीर, हत्ती, उंट वा घोडा होऊ शकते. देशी पद्धतीत ते सामान्यतः त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई.

नियम बदलले की डावाची सुरुवातही बदलते. देशी खेळात वाढलेले पंजाबचे मीर सुलतान खान (मृ. १९६६) यांना ती नव्याने शिकावी लागली व तीच त्यांची उणी बाजू राहिली. तथापि मध्य व अंतिम खेळातील प्रभुत्वामुळे त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांका यांस हरविले. २०२४ मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला.